गावाने अडवलेली बढती

शोभा सिस्टरची बढती हुकली, आणि ती हुकावी म्हणून आमच्याच गावाने टेम्पो भरून माणसं नगरला नेली. प्रेमापोटी! आठवलं की माझं डोकं अजून फिरतं.

मी इथल्या शाळेत शिक्षिका. आमचं गाव शेवगावच्या पुढे. शोभा उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून आली तेव्हा तिचा मुलगा रांगत होता, आता तो पुण्यात नोकरीला आहे. लसीकरण, बाळंतपणं, साथीचे सर्व्हे, सगळं तिच्याच गळ्यात. शेजारच्या गावातली सेविका निवृत्त झाली, तिचाही कार्यभार तात्पुरता म्हणून हिच्याकडे आला आणि वर्षानुवर्षं तात्पुरताच राहिला. वर मोबाईलवर रोजची माहिती भरायची. रेंज मिळावी म्हणून ही बाई पाण्याच्या टाकीचा जिना चढायची. गुडघे काय उगीच गेले?

बढती मिळून आरोग्य सहाय्यिका झाली असती तर स्कूटीवरून वस्त्या पालथ्या घालणं थांबलं असतं. दोनदा तिला डावललं. दोन्ही वेळा नगरचे आरोग्य अधिकारी साहेब गोड आवाजात म्हणाले, "तुमच्याशिवाय तिथलं कोण सांभाळणार?" म्हणजे काम चांगलं केलं हाच गुन्हा! निवृत्ती तोंडावर आलेली, त्यामुळे ही शेवटची संधी. यंदा एकदाचा आदेश निघाला, राहुरीकडे नेमणूक. शोभाने शाळेत येऊन मला सांगितलं तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं.

बातमी फुटली तशी सरपंच गहिनीनाथने ग्रामसभा बोलावली. "सिस्टरला आमी जाऊ देनार न्हाई!" टाळ्या. ठराव एकमताने.

मी उठून म्हटलं, "अहो, तिला विचारा तरी!"

"बाई, त्यात काय इचारायचं? आपलीच हाय ती," गहिनीनाथ म्हणाला.

शोभा तेव्हा शेजारच्या गावात डोस देत होती. नाहीतरी तिला कोण विचारणार होतं?

दुसऱ्या दिवशी टेम्पो निघाला. ऑफिससमोर घोषणा झाल्या. साहेबांना तेच हवं होतं. हिच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं, आणि आता नामी सबब चालून आली. लोकाग्रहास्तव आदेश स्थगित! ती जागा हिच्याहून कितीतरी मागून लागलेल्या बाईला मिळाली. शोभा जाब विचारायला गेली तर तिला उभंच ठेवून साहेब म्हणाले, "भाग्यवान आहात. आम्हाला घालवायला लोक मोर्चे काढतात." वर स्वतःच हसले. लाज कशी वाटत नाही या माणसांना?

गाव मात्र लढाई जिंकल्यासारखं खुशीत. मारुतीच्या पारावर सत्कार ठेवला. शाल, नारळ, लाऊडस्पीकर. शोभा आली ती ड्युटीवरून, घामाघूम. गहिनीनाथ शाल घेऊन पुढे झाला, तिने ती हातानेच अडवली.

"सरपंच, तुमच्या निकिताला बँकेत बढती मिळाली, ती नाशिकला गेली. तिला का नाही अडवलं? तुम्ही तर पेढे वाटले."

गहिनीनाथ गोंधळला. "आता... ती पोरगी हाय माजी."

"आणि मी? मी आपलीच ना?"

लाऊडस्पीकरवरून ते साऱ्या गावाने ऐकलं. गहिनीनाथने शालीची उगीचच पुन्हा घडी घातली. माना खाली गेल्या. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, चुकलं म्हणेल, निदान परत नगरला जाऊ म्हणेल.

उठली ती लंकाबाई, कडेवर नातू घेऊन. "सिस्टर, मंग उद्या डोस हाय का न्हाई?"

शोभाने तिच्याकडे पाहिलं. पोराच्या गालाला हात लावला. "आहे," म्हणाली, आणि पार उतरून निघून गेली.

त्यानंतर मी माईक हातात घेतला आणि गावाला जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.