डावीकडचा प्लस, उजवीकडचा मायनस

साहेबराव आधी गाडीच्या बॅटरीची मायनस वायर सोडवत आणि मगच गिऱ्हाइकाशी बोलत. पांढरकवड्याला हायवेवर त्यांचं गाड्यांना स्पीकर बसवायचं दुकान होतं. मागच्या खोलीत ते आणि त्यांची बायको कमलबाई राहत.

मी तिथल्या शाळेत शिक्षक. माझ्या जुन्या जीपसाठी दोन चॅनलचा अँप्लिफायर आणि एक मोठा स्पीकर घेऊन गेलो. साहेबराव म्हणाले, ब्रिज करू, म्हणजे दोन्ही चॅनलची ताकद एकाच स्पीकरला मिळेल. मी बघत उभा राहिलो, तसे ते शिकवू लागले.

"पाहा सर, डावीकडचा प्लस घ्याचा, उजवीकडचा मायनस. बाकीचे दोन रिकामे ठेवाचे. लोकं त्यातही वायर खुपसतेत, अन् मंग मशीन जळालं म्हणतेत."

स्पीकर चार ओहमचा असल्याची त्यांनी खात्री करून घेतली. त्याहून कमी असता तर त्यांनी काम घेतलंच नसतं. मागे एका पिकअपवाल्याला एकाच मशीनवर असे दोन स्पीकर हवे होते, म्हणजे ओहम निम्म्यावर येऊन अँप्लिफायर तापला असता. जळलं तर माझं जळेल, असं तो म्हणत होता. साहेबरावांनी त्याला परत पाठवलं. "मशीन तुमचं जळन, पण हात माहे लागलेले राह्यतीन."

जोडणी झाली. इंजिन चालू करून मी रेस वाढवली, तर गाण्यामागे बारीक शिट्टी येऊ लागली. मी तसं सांगितलं. साहेबरावांनी स्पीकरला कान लावला.

"काही नाही येऊन राह्यलं."

त्यांनी गाणं बंद करायला लावलं. आता तर शिट्टी स्वच्छ ऐकू येत होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून ते खाली बसले. मोठ्या आवाजाजवळ वर्षं काढून बारीक आवाज त्यांच्या कानातून गेले होते, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

"सर, कोणाले सांगू नका," ते म्हणाले. मग जरा वेळानं त्यांनीच हाक मारली, "कमल, इकडं ये. गाडीत बस. शिट्टी थांबली का सांग."

त्या काही न विचारता बसल्या. अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला जिथे जोडली होती, तिथला रंग खरवडून साहेबरावांनी ती पुन्हा कसली.

"आहे अजून."

त्यांनी गाण्याची वायर बॅटरीच्या वायरपासून दूर, दुसऱ्या बाजूनं नेली.

"गेली," कमलबाई म्हणाल्या आणि बंजाऱ्यांच्या गोरबोलीत नवऱ्याला हळूच काहीतरी विचारलं. ती बोली मला येत नाही.

"इचारते, कधीपासून," साहेबराव मला म्हणाले. बायकोला उत्तर त्यांनी माझ्यासमोर दिलं नाही.

त्यानंतर प्रत्येक गाडीत कमलबाई बसू लागल्या. "मी जोडतो, ऐकते ही," असं साहेबराव गिऱ्हाइकांना उघड सांगत. काही गिऱ्हाइकं गेली, बरीच टिकली.

दोन वर्षांनी हृदयविकारानं ते गेले. भेटायला गेलो तेव्हा दुकान रिकामं झालं होतं.

"वीस साल मी मागच्या खोलीत राह्यली," कमलबाई म्हणाल्या. "हे दोन साल त्यायच्या बाजूले बसली."