धर तिचा हात

“तू मुलगा हो,” प्राचार्य म्हणाले. “आणि ही जशी होती तशीच. आता धर तिचा हात.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी रमिलाकडे पाहिलं. ती टेबलावरच्या काचेकडे बघत होती.

“ऐकू येत नाही का? आरोप गंभीर आहे. घटना कशी घडली ते आम्हाला समजायला नको? दाखव.”

केबिनमध्ये पंखा फिरत होता. प्राचार्य त्यांच्या खुर्चीत. बाजूला होस्टेलच्या रेक्टर बाई. दाराजवळ हेडक्लार्क आणि शिपाई. आणि समोर, आम्ही दोघी उभ्या असताना, खुर्चीवर बसलेला तो मुलगा, ज्याच्यावर आरोप होता. शेजारी त्याचे काका. कॉलेजची इमारत याच काकांनी बांधली होती. कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टवरही ते होते. दोघांच्या हातात सरबताचे ग्लास होते.

मी रमिलाचा हात धरला.

“असाच धरला होता? इतका हळू?”

मी जोरात धरला. तिची बांगडी माझ्या तळव्याखाली रुतली. तिच्या हातात काहीच जोर नव्हता. ओला कपडा धरावा तसं वाटलं.

हेडक्लार्क मागून म्हणाला, “सर, ओढणी राहिली.”

शिपाई हसला. मुलगा हसला नाही, ग्लासात बघत राहिला. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. म्हणजे, कर.

मी तिची ओढणी ओढली.

हे मी केलं. माझ्या हातानं. सतरा-अठरा वर्षांची होते, घाबरले होते, ते सगळं खरं. पण हात माझा होता.

प्राचार्य मागे टेकले. ते मुंबईचे. बोलणं इतकं स्वच्छ की त्यांच्यासमोर आपलं तोंड उघडायची लाज वाटायची. म्हणाले, “मुलगा सांगतो, ही ओरडली नाही. म्हणजे हिला चाललं असावं.”

मी म्हटलं, “सर, ती ओरडली. माझं नाव घेऊन ओरडली. म्हणून तर मी धावले.”

“मग आत्ता का नाही ओरडली? आत्ताही हात धरला, ओढणी ओढली. हूं की चूं नाही.” त्यांनी रेक्टर बाईंकडे पाहिलं. “बरोबर आहे ना, बाई?”

रेक्टर बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते समजलं नाही. प्राचार्यांना ते हो वाटलं.

मग त्यांनी मला विचारलं, “आडनाव काय तुझं?”

मी सांगितलं.

“अच्छा,” ते म्हणाले. एवढंच. पण तो अच्छा मी शाळेपासून ओळखत होते. आमच्या तळोद्याकडच्या मूळ गावातही तोच, इथंही तोच.

निकाल तिथल्या तिथे लागला. मुलींनी वर्कशॉपच्या मागच्या वाटेनं जायचं नाही. चार वाजल्यानंतर लायब्ररीत बसायचं नाही. मुलानं अभ्यासाकडे लक्ष द्यावं. विषय संपला.

घडलं होतं ते असं. आमचं कॉलेज सिल्वासा शहराच्या कडेला. नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे. आता ते कॉलेजही नाही, त्या जागी गोडाऊन आहे. मुलींचं होस्टेल वर्कशॉपच्या पलीकडे. मधली वाट दाट झुडपांची, एका बाजूची भिंत पडलेली. दिव्याचे खांब होते, दिवे नव्हते. त्या वाटेवर मुलं उभी राहायची. काहीबाही बोलायची. सायकल आडवी घालायची. होस्टेलच्या मुलींनी बाईंना सांगितलं होतं. बाई म्हणायच्या, घोळक्यानं जात जा.

रमिला सुरंगी गावची. कोकणा आदिवासी. तिच्या घरातून, तिच्या पाड्यातून कॉलेजात आलेली ती पहिली. मी नरोलीहून बसनं यायची. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, धुळे जिल्ह्यातून इकडे कामाला आलेले. सुताच्या कारखान्यात कंत्राटी हमाली. आमची एक खोली, भाड्याची. रमिला आणि मी एका बाकावर बसायचो. तिला गणित यायचं, मला येत नव्हतं. माझं मराठी बरं, तिचं अडखळत. त्यावर आमची मैत्री.

त्या दिवशी दुपारी मी वर्कशॉपच्या नळावर पाणी प्यायला गेले होते. तिची हाक ऐकू आली. वळून पाहिलं तर त्यानं तिचा हात पिरगाळला होता आणि तिला पडक्या भिंतीकडे ओढत होता. मी ओरडत धावले. त्यानं सोडलं, ओढणी घेऊन दोन पावलं गेला, ती चिखलात टाकली आणि शीळ घालत निघून गेला.

मी म्हटलं, “चल, सरांना सांगू.”

रमिला म्हणाली, “नको.”

“नको काय? रोज हेच चाललंय.”

“नको ना. घरी बोलावतील मला.”

मी तिला जवळजवळ ओढत नेलं. मला वाटलं होतं, सांगितलं की होतं काहीतरी. पुस्तकात तसंच असतं. प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं तेव्हा मी तिला म्हटलंसुद्धा, बघ, मोठी माणसं ऐकतात.

केबिनमधून बाहेर आल्यावर तिनं ओढणी माझ्याकडून घेतली. घेताना माझ्या बोटांना तिची बोटं लागणार नाहीत अशी घेतली. दुसऱ्या दिवशी बाकावर नव्हती. होस्टेलच्या मुली म्हणाल्या, सकाळी पेटी डोक्यावर घेऊन जीपच्या अड्ड्यावर गेली.

घरी मी सांगितलं नाही. जेवताना हात ताटात जाईना. मायनं विचारलं, “काय व्हयनं? हात दुखस का तुना?”

मी म्हटलं, “नही, माय.”

हात दुखत नव्हता. मला तो दिसत होता. भाकरी मोडताना, वेणी घालताना, वही लिहिताना. मी दुसऱ्या कुणाला दोष द्यायला जायची आणि हात समोर यायचा. प्राचार्यांनी काय केलं? ते खुर्चीतून उठलेही नव्हते. हेडक्लार्कनं काय केलं? दारात उभा होता. सगळ्यांचे हात स्वच्छ. तेव्हा मला एवढंच कळत होतं. त्यांनी ते असं का घडवलं, ते कळायला अजून आठवडा जायचा होता.

आठवड्यानं मला परत बोलावलं. रमिला निघून गेल्याचं पाड्यातल्या लोकांनी कुणाच्या तरी कानावर घातलं होतं. ट्रस्टला आता चौकशी झाली असं दाखवायचं होतं. केबिनमध्ये तेच सगळे, शिवाय ट्रस्टचे दोन वयस्कर गृहस्थ. मुलाचे काका आबांच्या मुकादमाचं नाव घेऊन मला म्हणाले, “तुझे वडील आमच्याच माणसाकडे आहेत ना? चांगला माणूस आहे.”

प्राचार्य म्हणाले, “हे पहा, तू लांब होतीस. नळापाशी. दोघं नुसते बोलत असतील. तुला ओढताना दिसलं, तो तुझा समज. असं सांगितलंस तर तुझ्यावर काही येणार नाही.”

“मला दिसलं ते मी सांगितलं, सर.”

“बरं. मग या साहेबांना दाखव. ती मुलगी नाही, तर बाई उभ्या राहतील. बाई, या जरा पुढे.”

रेक्टर बाई उठल्या. खरंच उठल्या. पन्नाशीची बाई, साडीचा पदर दोन्ही हातांनी छातीशी धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी त्यांच्याकडे पाहिलं.

तेव्हा मला कळलं. हे समजून घेण्यासाठी नव्हतंच. सांगायला आलेल्या बाईला परत तिथंच उभं करायचं, आणि तेही दुसऱ्या बाईच्या हातून. म्हणजे पुन्हा कुणी सांगायला येणार नाही. आणि जिनं हात धरला ती जन्मभर गप्प बसेल.

मी म्हटलं, “बाई, तुम्ही बसा.”

मग प्राचार्यांना म्हटलं, “सर, तुम्ही उभे राहा. मी तुमचा हात धरते. तुम्ही ओरडता का, बघू.”

शिपाई आज हसला नाही.

प्राचार्यांचा चेहरा लाल झाला. ते हळू आवाजात म्हणाले, “शेवटी संस्कारांवर जातं सगळं. तुम्हा लोकांना वर घेतलं की हे असं होतं.”

“मला कुणी वर घेतलं नाही,” मी म्हटलं. “मी मार्कांवर आले.”

मी बाहेर आले आणि थेट फाटकाबाहेर गेले. दप्तर वर्गातच राहिलं.

तिसऱ्या दिवशी मुकादमानं आबांना सांगितलं, उद्यापासून येऊ नको. आबा घरी येऊन ओट्यावर बसले. तेव्हा मी सगळं सांगितलं. हात धरला तेही. आबा जमिनीकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, “माफी मांगी ले, बेटा.”

“कोणाची? प्राचार्यांची?”

आबांनी मान वर केली. “त्यासनी नही. त्या पोरनी.”

मी रडले. आबा पुढं म्हणाले, “नोकरीनं काय, वापीला जाईसन बघू.” दुसऱ्या दिवसापासून ते सायकल घेऊन वापीला काम शोधत फिरले. पुढे मिळालं, पण कमी मजुरीचं आणि लांबचं. सायकलवरून जाऊन येऊन त्यांचे गुडघे गेले. मला त्यांनी त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

मी सुरंगीला गेले. फाट्यावर जीप सोडली आणि विचारत विचारत पाड्यावर पोचले. भात कापून झालं होतं. रमिला खळ्यावर आईसोबत भात झोडत होती. मला पाहून तिनं हातातली पेंढी खाली ठेवली नाही. झोडत राहिली. तिच्या आईनं मला पाणी दिलं.

मी म्हटलं, “रमिला, माझं चुकलं. मी तुला ओढत नेलं. आणि तिथं…”

ती थांबली. घाम पुसला. म्हणाली, “त्यानं धरलं तेव्हा मी तुला हाक मारली. तू धरलंस तेव्हा कुणाला मारायची?”

मी पेंढ्या उचलून तिच्या हाताशी देत राहिले.

बऱ्याच वेळानं मी तिला पुढचं सांगितलं. दुसऱ्या वेळी काय झालं ते. रेक्टर बाई उभ्या राहिल्या ते. तिनं सगळं ऐकलं, शाबासकी दिली नाही. मी म्हटलं, “पोलिसात जायचं का, ते तू सांग. नको म्हणालीस तर नाही.”

तिनं आईशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलून घेतलं. मग मला म्हणाली, “येईन. पण बोलणार मी. तू बाजूला बसायचं.”

पोलीस ठाण्यात आम्ही सकाळी गेलो. रमिला, तिची आई, आणि मी. हवालदार रत्नागिरीकडचे होते. वाईट नव्हते, कंटाळलेले होते. म्हणाले, “अगो, कॉलेजातली भांडणं कॉलेजात मिटवायची. लग्न व्हायचंय तुझं. कशाला नाव खराब करून घेतेस?”

रमिला म्हणाली, “नाव त्याचं लिहा. माझं कशाला खराब होईल?”

त्यांनी बसवून ठेवलं. साहेब आले नाहीत, साहेब जेवायला गेले, साहेब मीटिंगला गेले. रमिलाची आई ओसरीवर बसली ती उठलीच नाही. जाणारे येणारे तिला ओलांडून जात होते. दुपार टळल्यावर हवालदारांनी कागद ओढला.

“कसं धरलं होतं? दाखव बघू.”

मी उठायला लागले. रमिलानं माझ्याकडे न बघताच हातानं मला खाली बसायची खूण केली.

“दाखवणार नाही,” ती म्हणाली. “सांगते. तुम्ही लिहा.”

आणि तिनं सांगितलं. अडखळत, मध्ये मध्ये शब्द शोधत, पण शेवटपर्यंत. हवालदारांनी लिहिलं. वाचून दाखवायला तिनं लावलं. एका ठिकाणी त्यांनी ‘छेड काढली’ असं लिहिलं होतं. ती म्हणाली, “छेड नाही. ओढत नेलं, असं लिहा.” त्यांनी खोडून लिहिलं.

तो मुलगा सुटला. खटला वर्षानुवर्षं चालला. रेक्टर बाईंनी कोर्टात सांगितलं, मला आठवत नाही. माझी साक्ष मैत्रिणीची म्हणून हलकी धरली. कॉलेजनं पडकी भिंत बांधली, दिवे लावले आणि मुलींच्या होस्टेलच्या दाराला कुलूप घातलं. पण आमच्या फिर्यादीच्या पुढच्याच वर्षी त्याच कॉलेजातल्या दोन मुली प्राचार्यांकडे न जाता सरळ ठाण्यात गेल्या. हवालदारांनी त्यांना ‘दाखव’ म्हटलं की नाही, मला माहीत नाही.

रमिला परत कॉलेजात आली नाही. ती आज तिच्या गावात अंगणवाडी चालवते. बाजारात भेटलो तर बोलतो, मुलाबाळांचं, भाताचं. तिनं मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. विचारणार नाही. तिच्याकडून तेवढंही उकळायचा मला हक्क नाही.

मी दुसऱ्या गावी शिकले. आता मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल आहे. तक्रार घेऊन मुलगी येते तेव्हा मी दार लावते, तिला खुर्ची देते आणि विचारते, सोबत कोण हवं? मग ती सांगेल तेवढंच ऐकते. वरून फोन येतात. नाव खराब होईल, घरातच मिटवा. मी फिर्याद पाठवते. माझी दोनदा बदली झाली. अजून होईल.

माझा अपराध मी कुणावर ढकललेला नाही. तो हात माझाच होता, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण खुर्चीत बसून ज्यांनी ‘धर’ म्हटलं, दारात उभं राहून जे हसले, खिडकीबाहेर बघून ज्यांनी मान हलवली, त्यांचा वाटा मी इतकी वर्षं माझ्या डोक्यावर वाहिला. तो आता मी खाली ठेवला आहे. ज्याचा त्यानं उचलावा. नाही उचलला, तर मी त्याच्या दारात नेऊन टाकीन.