वाघोबाचा दिवाण

मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, बुडाली त्या साली गोंडपिपरीकडच्या एका तळ्याकाठच्या मासे धरणाऱ्या ढिवरांनी ठरवलं, आता कोणी माणूस मालक नको. राज्य वाघोबाचं. वाघोबा म्हणजे मोहाच्या झाडाखालचा शेंदूर फासलेला दगड. त्याला भूक नव्हती, पोरं नव्हती, म्हातारपण नव्हतं. याहून चांगला राजा सापडला नसता.

मुखरू त्याचा दिवाण. जाळं कधी टाकायचं, कोणाचा बैल कोणाच्या धानात शिरला, सगळं तो देवाला विचारी. दोन फुलं ओली करून दगडाच्या दोन बाजूंना चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. करही होता. ज्यानं जाळं टाकलं त्यानं देवाला टोपलीभर मासे द्यायचे. देव मासे खात नसे. ते मुखरूची बायको गोकुळा रांधी, आणि ज्यांच्या घरी जाळं टाकणारं कोणी उरलं नव्हतं ते तिच्या अंगणात जेवत.

दगडाची उजवी बाजू उगवतीला होती. सकाळी तिकडचं फूल आधी वाळे. म्हणून मुखरू सकाळीच विचारी, आणि प्रश्न पारखून विचारी. त्याच्या मते यात लबाडी नव्हती. ऊनही देवाचंच होतं.

पोरगी मैना कोरपन्याकडे दिलेली. तिला मुलगा झाला, बारशाचं बोलावणं आलं. मुखरूला एकच धास्ती पडली. आपण गेलो आणि राज्य आपल्यावाचून चाललं तर?

सकाळी त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "देवा, मी इथीच राहू का?"

उजवं फूल पडलं.

गोकुळा पुढे झाली. "देव जागाच हाये, तं आनखी एक इचारते. यानं नातवाले पाहाले जावं का?" तिनं स्वतःच फुलं लावली. पुन्हा उजवंच पडलं.

देव दोन्ही म्हणाला होता. शेवटी म्हातारा डोमा म्हणाला, "सोपं हाये. मुखरूभाऊ जाईन, दिवानकी इथीच राहीन. पागोटं ठेवून जा, भाऊ."

मुखरू बोडक्या डोक्यानं गेला. नातू मांडीवर होता, पण ध्यान तळ्यावर.

"बाबा, पोराकडं पाहा ना," मैना म्हणाली.

"पाहूनच राह्यलो. वाघोबावानीच हाये. काही बोलत नाई."

बारसं आटोपून परतला तेव्हा तळं शांत होतं. बांधावर वारलू जाळं विणत बसला होता.

"भांडन-तंटा काही?"

"नाई."

"काऊन नाई?"

"तुमी नव्हते, भाऊ. निवाडा कोन करन? मंग भांडून काय फायदा?"

मुखरू त्याच्या शेजारी टेकला. इतकी शांतता त्याला मसणातही भेटली नव्हती. मग तो उठला, घरून आपलं जाळं घेऊन आला आणि वारलूच्या रोजच्या जागेवर त्यानं ते फेकलं.

"हे काय करून राह्यले, भाऊ?"

"तुह्या बापाचं तळं हाये का?"

आवाज चढले. माणसं धावत आली. कोणी वारलूकडून, कोणी मुखरूकडून.

"निवाडा उद्या सकाळी," मुखरूनं हुकूम सोडला.

लोक परतले ते दोन तट पडूनच. दारादारांत तोंडं सुरू झाली.

"झालं समाधान?" गोकुळानं विचारलं.

मुखरू हात धुऊन ताटावर बसला. कोरपन्याहून निघाल्यापासून त्याला पहिल्यांदाच भूक लागली होती.