करदोड्यातली किल्ली

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, बहिणीपाशी नाही, आणि ज्यांच्यापाशी बोलायला हवं होतं ते अण्णा तर आता नाहीतच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं जमतंय. हाही एक भित्रेपणाच — पण माझ्या दुसऱ्या भित्रेपणापुढे हा काहीच नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. नांदेडकडच्या एका खेड्यातून नोकरीसाठी हैदराबादला आले आणि नारायणगुड्यात घर करून राहिले. गावाकडून त्यांनी आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक आणली आणि तिच्याबरोबर तिची धास्तीही. बंदूक आजोबांनी पिकात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी घेतली होती. परवाना पुढे अण्णांच्या नावावर झाला. धास्तीचं कारण वेगळं. त्यांच्या लहानपणी गावातल्या एका घरातली बंदूक चोरीला गेली होती आणि नंतर बांधाच्या भांडणात तिनेच एक माणूस मेला. बंदुकीचा मालक त्यानंतर पारावर येऊन बसला नाही, असं अण्णा सांगायचे. मारणाऱ्याचं नाव त्यांना आठवत नसे. मालकाचं आठवायचं.

म्हणून आमच्या घरी बंदुकीची बडदास्त मोठी. बेगम बाजारातून आणलेली लोखंडी तिजोरी भिंतीत बोल्ट ठोकून पक्की केलेली. आत नळी वेगळी, दस्ता वेगळा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या कुलपात. तिजोरीबरोबर मिळालेली जोडकिल्ली अण्णांनी समोर उभं राहून लोहाराच्या भट्टीत टाकायला लावली होती. उरलेली एकुलती एक किल्ली त्यांच्या करदोड्यात — कमरेच्या त्या काळ्या दोऱ्यात — कायमची ओवलेली. आंघोळीला जाताना, झोपताना, आजारपणात, ती तिथेच. आणि घरात बंदूक आहे हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, ही आम्हा भावंडांना सक्त ताकीद. आम्ही हसायचो. ही अण्णांची थोरली बायको, असं मी आईला चिडवायचो. आईसुद्धा हसायची.

वर्षातून एकदाच ती बाहेर यायची. खंडे नवमीला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आरती, की परत आत. आणि वर्षातून एकदाच किल्ली अण्णांपासून दूर व्हायची, ती पोळ्याला. आमच्याकडे पोळ्याला पुरुष जुना करदोडा तोडून नवा बांधतात. शहरात बैल कुठले, पण मातीच्या बैलांची पूजा व्हायची आणि करदोडे बदलायचे. जुना तोडल्यापासून आंघोळ करून नवा बांधेपर्यंत किल्ली पूजेच्या ताटात असायची.

आता माझ्याकडे वळायला हवं. वळवत नाही, पण वळायला हवं.

ते दिवस तुम्हाला आठवत असतील. नव्या कंपन्या येत होत्या, गल्लीत केबल आली होती, पोरं संगणकाचे क्लास लावत होती आणि प्रत्येकाला अमेरिका दिसत होती. मला अशाच एका नव्या कंपनीत नोकरी लागली. माझे साहेब पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, पण माझ्या मराठीला हसायचा. आम्ही इकडचे लोक ‘मी केलो, मी आणलो, मी लावलो’ म्हणणारे. त्यांना त्याची फार मौज वाटायची. चारचौघांत माझ्याकडून वाक्यं वदवून घ्यायचे. मीही हसायचो. घरी येऊन मात्र आरशासमोर ‘मी केलं, मी आणलं’ घोकत बसायचो. खोटं कशाला सांगू?

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या तोंडून निघून गेलं, की आमच्या घरी शिकारीची बंदूक आहे. शिकारीची! डुकरं हाकलायची बंदूक मी क्षणात शिकारीची करून टाकली. साहेबांचा चेहरा बदलला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला बरोबरीचा माणूस असल्यासारखं विचारलं, कधी दाखवताय?

मी त्यांना जेवायला बोलावलं. अण्णांनी आग्रहाने वाढलं, भरपूर गप्पा मारल्या, पण बंदुकीचा विषय निघताच पाण्याचा तांब्या उचलला आणि उठून गेले. नंतर मला आत बोलावून एवढंच म्हणाले, की ती वस्तू पाहुण्यांसाठी नाही. साहेब गेटपाशी निरोप घेताना हसले. काय म्हणाले ते आठवत नाही, हसणं आठवतं. त्या हसण्याचा राग मी कुणावर काढायला हवा होता? काढला अण्णांवर.

पुढच्या पोळ्याला अण्णा आंघोळीला गेले तेव्हा ताटातली किल्ली मी उचलली, साबणाच्या वडीवर तिचा ठसा घेतला, पुसून परत ठेवली. एवढं सोपं होतं. ज्या माणसाने चोरांचा इतका विचार केला होता, त्याने घरातल्या पोराचा केला नव्हता. बेगम बाजारात एकाने त्या ठशावरून किल्ली करून दिली. त्याने फार काही विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात अण्णा आणि आई गावी गेले. साहेब आले, ऑफिसातले मित्र आले. मी तिजोरी उघडली, नळी दस्त्याला जोडली, एकेकाने खांद्याला बंदूक लावून फोटो काढून घेतले. ते फोटो ऑफिसात या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. कुणी कुणी पाहिले असतील? मी तेव्हा मोजायला बसलो नव्हतो, मी खूश होतो. किल्ली मी टीव्हीखालच्या शोकेसमध्ये कपबशांच्या मागे ठेवली. फेकून द्यायची होती. पण साहेब पुन्हा म्हणाले तर?

त्या वर्षी खंडे नवमीची पूजा नेहमीसारखी झाली. अण्णांनी बंदूक आत ठेवली, कुलूप लावलं, सवयीप्रमाणे कडी दोनदा ओढून पाहिली. मी शेजारी उभा होतो. मी हे पाहिलं. हे वाक्य मला मुद्दाम लिहायचं आहे — मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, संध्याकाळी आम्ही सगळे सोनं द्यायला बहिणीकडे सिकंदराबादला गेलो. परतलो तेव्हा दाराचा कोयंडा उचकटलेला. अण्णा मागे रिक्षावाल्याशी बोलत होते, आई त्यांच्याबरोबर. मी आधी आत शिरलो. शोकेस उपसलेलं, कपबशा जमिनीवर, आणि तिजोरी सताड उघडी. बंदूक नव्हती. कुलपात माझी किल्ली तशीच लटकत होती.

मी ती काढून खिशात घातली.

विचार केला नाही, असं म्हणावंसं वाटतं. पण केला होता. माझ्या पासपोर्टची पोलीस चौकशी व्हायची होती, कंपनी मला अमेरिकेला पाठवणार होती. अण्णांचा पायरव जिन्यावर ऐकू येत होता आणि तेवढ्यात मला हे सगळं सुचलं.

पोलीस ठाण्यातले साहेब आले. तिजोरीभोवती फिरून, कुलपावरून बोट फिरवून अण्णांना म्हणाले, “ताला टूटाच नइं साब. चाबी से खुला, नइं तो कल से खुला-च था.”

अण्णांचा हात कमरेला गेला. किल्ली करदोड्यात होती. त्यांनी ती चाचपली, पुन्हा चाचपली, आणि माझ्याकडे वळले.

“काल मी कुलूप लावलो होतो की रे? तू होतास ना तिथं?”

मी म्हणालो, “नीट आठवत नाही, अण्णा. कडी ओढल्याचं काही मी पाहिलं नाही.”

कडी ओढल्याचं! त्यांनी तर ते विचारलंही नव्हतं. मी माझ्याकडून घातलं, म्हणजे खोटं पक्कं बसावं. खिशातली किल्ली मी दुसऱ्या दिवशी गटारात टाकली.

काडतुसं तेवढी शाबूत होती. बाकी जे व्हायचं ते झालं. अण्णांना ठाण्यावर बोलावणं, जबाब, निष्काळजीपणाचा ठपका, परवाना रद्द. हे सगळं त्यांनी मान खाली घालून सोसलं. मला जे बघवलं नाही ते घरातलं. या माणसाला पाठ असलेले पाढे, गावातली गट नंबरांची यादी, नातवंडांच्या जन्मवेळा — सगळं बिनचूक. तोच माणूस आता गॅस बंद केला का म्हणून आईला विचारू लागला. केलेला असायचा. दार लावून पुन्हा उठून बघायचे. किल्ल्या माझ्याकडे देऊन टाकल्या. गावचं शेत काकांनी मागितलं तेव्हा, माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही, तूच काय ते ठरव, असं मला म्हणाले. त्यांचं डोकं शाबूत होतं हो. ते मला एकट्यालाच ठाऊक होतं.

आणि पेपर. सकाळी पेपर आला की अण्णा आधी गोळीबाराच्या बातम्या शोधायचे. कुठे कुणी मेलं, की मला विचारायचे, बारा बोअरची होती का रे? पेपरात ते बहुतेक दिलेलं नसायचं. मी नाही म्हणायचो. पोलिसांना बंदूक कधीच सापडली नाही, त्यामुळे तो प्रश्न संपायचा नाही. गावातल्या त्या मालकासारखे अण्णाही हळूहळू बाहेर बसेनासे झाले. संध्याकाळी चौकातल्या मंडळींत जाणं त्यांनी सोडलं. खंडे नवमीची पूजा आमच्याकडे बंद झाली.

मी अमेरिकेला जाऊन आलो. बढती मिळाली, मोठं घर झालं. सांगायला वेळ नव्हता असं नाही. शेकडो संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर चहा प्यायलो आहोत. प्रत्येक वेळी वाटायचं, आता इतक्या उशिरा सांगून काय होणार, त्यांना उगीच त्रास. त्रास! जणू मी त्यांना जपत होतो.

शेवटच्या आजारपणात अण्णा दवाखान्यात होते. एका दुपारी आई घरी गेली होती, मी एकटाच जवळ होतो. त्यांनी मला पलंगाशी बोलावलं. मला वाटलं, पाणी हवंय. माझा हात हातात घेऊन म्हणाले, “बाबा, त्या वेळी माझ्या चुकीनं तुला पोलिसांसमोर उभं राहावं लागलं. तुझा पासपोर्ट अडकला असता. मनात काही ठेवू नकोस. मला माफ कर.”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ते शुद्धीवर होते. माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट पाहत होते.

मी त्यांच्या हातावर थोपटलं. म्हणालो, “असू द्या, अण्णा. वयोमानानं होतं असं.”

त्यांना बरं वाटलं. मी त्यांना माफ केलं होतं.