खांद्याचं हाड कुणी मोडलं

झूराकानचे हात एकदा बघितले, की तिच्याशी वाद घालायची हौस आपोआप फिटते. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. एका हिवाळ्यात ती लांडग्याच्या जबड्यात अडकली होती. लांडगा मेला, बोटं वाकडी का होईना, राहिली. नवऱ्याला, म्हणजे काचकिनला, तिने लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात रिकिबीने हाणलं होतं, आणि तो बिचारा जन्मभर डावा खांदा जरा उचलूनच चालला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "घोड्याने पाडलं." ते घोडं कोणतं, हे सगळ्या कुरणाला ठाऊक होतं. तरी दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, हेही सांगायला हवं, नाहीतर ती माझ्या दारात येऊन उभी राहील.

आठ वर्षांपूर्वी घोडेचोरांनी काचकिनच्या डोक्यात लोखंडी खुंटा घातला आणि त्याला ओढ्यात टाकून दिलं. अकरा घोड्या नेल्या. मागे राहिलं तीन दिवसांचं एक शिंगरू. झूराकानने त्याला बाटलीने गाईचं दूध पाजलं, बर्फ पडलं तेव्हा आपल्या तंबूत, आपल्या गोधडीशेजारी निजवलं. तीच आजची केर, काळसर तांबडी, वाऱ्यासारखी पळणारी. काचकिनचं म्हणून झूराकानजवळ उरलेलं एवढंच.

आणि अक्तोश. तोही काचकिनचाच, पण त्याला उरलेलं म्हणायचं की उरावर बसलेलं, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्या दिवशी तो पिल्लू होता आणि तंबूतल्या लोकरीच्या नमद्याखाली लपून बसला होता. त्याची लाज त्याला अजून सुटलेली नाही. बोलायला लागला तो त्यानंतर. कुत्रा बोलतो याचं आमच्याकडे कुणाला नवल नाही, काय बोलतो याचा ताप आहे. एका लग्नात त्याने नवऱ्या मुलाच्या आत्याला भर पंगतीत विचारलं होतं, "आत्याबाई, ही चरबी तुम्ही बाहीत कुणासाठी नेताय?"

म्हणूनच मैफलीत त्याला तोंड उघडायची बंदी होती. आमचा वाद्यवृंद एकोणीस माणसांचा. तीन तारांचं कोमुझ वाजवणारे बारा जण, घोड्याच्या केसांच्या सारंगीवर गज फिरवणारे दोघे, बासऱ्या, आणि सर्वांत मागे, उंचावर, ढोलाशी झूराकान. उन्हाळा संपून खाली गावात उतरायच्या आधी एका दुपारी दोन ट्रक पाठीला पाठ लावून उभे करायचे, फळ्या पाडायच्या, की झाला रंगमंच. गेल्या वर्षी सारंगीवाला ऐन रंगात आला असताना अक्तोश म्हणाला होता, "हा दर वर्षी इथंच चुकतो." तो खरंच तिथंच चुकला. तेव्हा वृंदाचे गुरुजी एगेम्बेर्दी, एकेकाळचे भूगोलाचे मास्तर, छडी रोखून म्हणाले होते, "झूरा, पुढच्या वर्षी हे जनावर बोललं तर मी राजीनामा देईन!"

यंदा मैफलीआधीच्या जेवणाला तीन परके पाहुणे आले. घाटापलीकडचे, गाणं ऐकायला आलोय म्हणाले. त्यांतला थोरला मामिरकुल, पिकल्या मिशीचा, गोड बोलणारा. झूराकाननेच त्याच्यापुढे मेंढीच्या खांद्याचा वाटा ठेवला. "घ्या, दादा, लाजू नका."

"लाजतोय कुठे, बहिणी! इतकं मऊ मटण तर सासुरवाडीलाही मिळालं नाही."

जेवणं आटोपली. झूराकान ट्रकमागे ढोलाची वादी ताणत होती, तोच अक्तोश तोंडात काहीतरी धरून आला.

"फूआ, हे भग."

"आधी ते खाली ठेव मेल्या, मग बोल."

त्याने ठेवलं. खांद्याचं सपाट हाड, मधोमध मोडलेलं.

"मिशीवाल्याचं," अक्तोश म्हणाला. "चाटूनपुसून खाल्लं आणि गुडघ्यावर ठेवून कट्‌कन मोडलं. मुद्दाम नाही, सवयीने. त्याला स्वतःलाही कळलं नाही."

झूराकानचा हात वादीवरच थांबला. आमच्या डोंगरात हे हाड कुणी मोडत नाही. ते सगळं बघतं म्हणतात. जाणता माणूस त्यावरच्या रेघांतून हरवलेलं जनावर कोणत्या दिशेला गेलं ते वाचतो. त्या हाडाचे डोळे फोडायची गरज एकाच जातीच्या माणसाला पडते.

"घोडेचोर," ती म्हणाली. "आत्ता जाऊन त्याचं टाळकं फोडते."

"फोड की. आणि मग सगळ्यांना सांग, जेवलेल्या पाहुण्याला मारलं एका हाडापायी. तुलाच बांधून ठेवतील."

खरं होतं. ज्याने आपलं अन्न खाल्लं त्याच्यावर हात उचलता येत नाही. खुंटा उपटेपर्यंत तो पाहुणा. दुसऱ्याच्या जनावराचा खुंटा उपटला, की मग तो कुणीच नाही.

"घोडी कुठे बांधलीस?" अक्तोशने विचारलं.

"घळीत. रांगेच्या टोकाला." झूराकानने वळून घळीकडे बघितलं. बेचाळीस घोड्यांत पळायला केरसारखी एक नव्हती, आणि ते कुठल्याही चोराला लांबून दिसलं असतं.

"मग तू वाजव. ढोल चालू आहे तोवर लोक घळीकडे पाठ करून बसणार, याच भरवशावर ते आलेत. थांबलीस तर सावध होतील. मी घोड्यांत जाऊन बसतो."

"तू करणार काय?"

"बोलणार. बंदी मैफलीत आहे ना? घळीत तर नाही."

मैफल सुरू झाली. सगळं कुरण ट्रककडे तोंड करून बसलेलं, मागच्या उंचीवरून एकट्या झूराकानलाच घळ दिसत होती. तिसरं गाणं ढोलाचं. ती वाजवत होती आणि बघत होती. तिघे उठले, लघवीला जावं तसे सावकाश घळीत उतरले. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

घळीत जे बोलणं झालं ते अक्तोशने आम्हाला पुढे पन्नासदा ऐकवलंय. पहिला चोर एका करड्या घोड्याजवळ थबकला आणि पुटपुटला, "हा कसा असेल कोण जाणे."

"गरीब आहे," घोड्याच्या पोटाखालून आवाज आला. "मागून जा, ढुंगणावर थोपट."

"मागून?"

"पुढून बुजतो तो."

आपलाच साथीदार सांगतोय असं समजून तो मागून गेला आणि थोपटलं. दोन्ही टापा एकदम तोंडावर बसल्या. जबडा एका कानाकडे सरकला, दात गवतात पडले, आणि तो घुरघुरत स्वतःच्या रक्तात लोळायला लागला.

दुसरा धावत आला. "काय झालं रे?"

"घसरला. वाक, काखेत हात घालून उचल."

तो वाकला. अक्तोशने त्याचा कान मुळापासून धरला आणि सोडला तेव्हा तो कान त्या माणसाचा राहिला नव्हता. वर त्याच्या मांडीत दात रोवून तो हाडाला लागेपर्यंत चावला. त्याच्या किंकाळ्या ट्रकवर पोचल्या, पण सारंगीवाला नेमका त्याच वेळी आपल्या नेहमीच्या जागेवर चुकत होता, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

आणि मग झूराकानने बघितलं. मामिरकुलने केरचा खुंटा हलवला, उपटला, आणि दोर-खुंट्यासकट घोडीवर मांड टाकली.

ढोल थांबला.

"झूरा!" गुरुजी ओरडले. "अजून बत्तीस मात्रा आहेत!"

ती ट्रकवरून उडी मारून लोकांच्या मांड्या तुडवत धावली. हातात ढोलाची बर्चच्या लाकडाची काठी. मामिरकुल घळीतून वर चढत होता. तिने लोंबणारा दोर पकडला. त्याने चाबूक फिरवला आणि तिचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत उघडला. तिने दोर सोडला नाही. दगडांवरून फरफटत गेली, गुडघ्यांची सालं निघाली. अक्तोश मामिरकुलच्या पोटरीला लोंबकळला, तशी मामिरकुलने सुरी काढून त्याला खांद्यापासून बरगडीपर्यंत चिरलं. कुत्रा पडला. दोर तिच्या तळव्यांची कातडी घेऊन निसटला.

आता केर खरी सुटली. तिला गाठेल असं एकही घोडं कुरणात नव्हतं.

झूराकान रक्ताने माखलेल्या तोंडाने उठून बसली आणि तिने जिभेने आवाज काढला. च्‌, च्‌, च्‌. शिंगराला बाटलीकडे बोलवायची तेव्हाचा.

केर जागच्या जागी थांबली. चार पाय रोवून, कान टवकारून, आठ वर्षांची घोडी दुधासाठी मागे वळली. मामिरकुल मात्र थांबला नाही. तो तिच्या मानेवरून उडाला आणि पाठीवर आपटला.

तो श्वास घेईपर्यंत झूराकान त्याच्या छातीवर होती. काठीने तिने त्याचं सुरीचं मनगट मोडलं. मग कोपर. मग काठीच मोडली.

"आठ वर्षांपूर्वी," ती म्हणाली, "ओढ्याकाठी. अकरा घोड्या. एक माणूस. खुंटा घातला होतास डोक्यात."

मामिरकुल धापा टाकत तिच्याकडे बघत राहिला. आठवायचा त्याने खरंच प्रयत्न केला असावा.

"कुठला ओढा, बाई? असे किती झाले. कुठला म्हणून सांगू?"

केरच्या दोराला तो लोखंडी खुंटा अजून होता. झूराकानने तो दोन्ही हातांनी उचलला. लोक घळीच्या काठावर येऊन उभे राहिले होते आणि कुणीही हललं नाही. पाहुणा आता पाहुणा नव्हता.

"अक्तोश," तिने मागे न बघता हाक मारली. "आहेस का?"

"आहे," तो म्हणाला. "आज नमद्याखाली नाही. बघतोय."

तिने खुंटा खाली आणला. मामिरकुलच्या धड हाताच्या पंजातून तो आरपार जमिनीत गेला. एका दगडाने तिने त्यावर आणखी तीन घाव घातले. तो ओरडत होता, ती एकेक घाव मोजून घालत होती. मग दोराची गाठ तपासली, ओढून बघितली. पक्की होती. केरने मान खाली घातली आणि त्याच्या डोक्याशेजारचं गवत खायला लागली.

"पोलीस येईपर्यंत सांभाळ माझी घोडी," झूराकान त्याला म्हणाली. "एवढी बांधून ठेवायला तरी उपयोगी पड."

चिरलेला गाल ओढणीने बांधून ती ट्रकवर चढली. काठी नव्हती, म्हणून मामिरकुलच्या चाबकाच्या मुठीने तिने राहिलेल्या बत्तीस मात्रा पुऱ्या केल्या. गुरुजींनी निमूटपणे छडी हलवली. खाली ढोरांचा डॉक्टर अक्तोशला टाके घालत होता आणि अक्तोश टाक्यागणिक त्याची आई काढत होता.

शेवटचा ठोका पडला. कुणी टाळ्या वाजवेना.

"शेवटच्या आठ घाईत मारल्यास, झूरा," अक्तोश मोठ्याने म्हणाला.

गुरुजींनी वळून त्याच्याकडे बघितलं. राजीनाम्याचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.