तिसऱ्या गटातलं मशीन

छापखान्यात सगळे त्यांना भावोजी म्हणतात. मालक असलेल्या दोघा भावांच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान, म्हणून मालकांचे भावोजी. मालकांचे म्हणून कामगारांचे, आणि कामगारांचे म्हणून कागदवाल्याचेही. नेटवर्कची कामं करतात. प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवतात आणि कोणी काही सांगितलं की "बरं" म्हणतात. हा होकार असतो की नुसती पोच, हे त्यांच्या बायकोलाही इतक्या वर्षांत नक्की कळलेलं नाही.

भावाभावांत अलीकडे विस्तव जात नव्हता. कारण, एका मुखपृष्ठावरचा निळा. थोरल्याला तो निळाच दिसत होता, धाकट्याला जांभळा. त्यातून ऑफिसात मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. तिच्या टोकाला मुद्रितशोधकाचं टेबल. भावांचं बोलणं आता त्याच्यामार्फत चाले, आणि निरोप पोचवताना तो सवयीने भाषा सुधारी, शिव्या गाळी.

मग दोघांनी भावोजींना वेगवेगळं गाठून एकच सांगितलं: माझे कॉम्प्युटर त्याला दिसता कामा नयेत.

बायकोने घरी बजावलं, "भिंत काय, चार खिळे उपसले की निघेल. पण तुम्ही आतून वाटणी करून दिलीत, तर माझ्या माहेरचा छापखाना मोडलाच म्हणून समजा." नकार द्यावा तर भावांनी बाहेरचा माणूस आणला असता. भावोजी "बरं" म्हणाले आणि कामाला लागले.

नेटवर्कचा स्विच म्हणजे भिंतीवरचा पत्र्याचा डबा. त्याच्या एकेका पोर्टात एकेका कॉम्प्युटरची वायर. कुठलं पोर्ट कुठल्या गटात, हे डब्याला सांगितलं की एका गटातल्यांना दुसऱ्या गटातले दिसेनासे होतात. डबा तोच, वायरी त्याच. या गटाला व्हीलॅन म्हणतात. भावोजींनी थोरल्याचे कॉम्प्युटर एका व्हीलॅनमध्ये टाकले, धाकट्याचे दुसऱ्यात.

राहिलं छपाईचं मशीन. ते एकच, आणि दोघांनाही आपल्याच गटात हवं. भावोजी म्हणाले, दोघं मिळून काय ते ठरवा, तोवर तिसऱ्या गटात ठेवतो. तिसऱ्या गटात मशीन एकटंच होतं. थोडी खटपट केली तर एकच मशीन दोन्ही गटांना वापरता येतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण तसं कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका शाळेची पुस्तकं द्यायची होती. संध्याकाळी गाडी येणार. रिकामी गेली तर शाळा दुसरा छापखाना बघणार. आतली पानं थोरल्याकडे, मुखपृष्ठ धाकट्याकडे. दोघांनी फाइली पाठवल्या. मशीन ढिम्म.

भावोजींना बोलावणं गेलं. त्यांनी येऊन डबा पाहिला आणि सगळं सांगितल्याप्रमाणे चालू असल्याचा निर्वाळा दिला. फक्त मशीन कोणाचं ते कळवावं. मुद्रितशोधकाच्या फेऱ्या सुरू झाल्या. घाईत सुधारायला वेळ मिळेना, निरोप कच्चेच पोचू लागले, आणि थोड्या वेळाने तो चहाला म्हणून जो गेला तो गेलाच. भाऊ भिंतीच्या टोकाशी समोरासमोर आले.

"मशीन माझ्याकडे टाका भावोजी, आणि मुखपृष्ठ इकडे आणून दे म्हणावं त्याला," थोरला धाकट्यासमोर उभा राहून म्हणाला.

"म्हणजे तू परत जांभळं छापणार."

"निळा होता तो."

"मग शाळेवाल्यांनी वांगं का म्हटलं त्याला?"

थोरल्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात ढकललं. पुढे बराच वेळ भांडण झालं. निळ्यावरून ते लहानपणीच्या सायकलीपर्यंत गेलं आणि तिथून थकून परत आलं. शेवटी दोघंही भावोजींकडे वळले.

"पूर्वीसारखं करा सगळं. एकाच गटात."

"आणि वाटणी?"

"भावोजी, गाडी येईल आता."

सगळी पोर्टं एकाच गटात आली आणि मशीन धडधडू लागलं. गाडीला रात्रीपर्यंत थांबावं लागलं, पण ती भरून गेली.

ती गेल्यावर भावांनी बहिणीला एकाच फोनवरून फोन केला, एकमेकांच्या हातातून तो ओढून घेत. कित्येक महिन्यांत त्यांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं: भावोजींना यातलं काही म्हणजे काही कळत नाही. बहिणीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि नवऱ्याची बाजू एकदाही घेतली नाही.