अकलोली ते खाडी: खारटपणा मोजत एक शनिवार

काल्हेरमध्ये राहून अकरा दिवस कुणाशीही समोरासमोर न बोलता काढता येतात, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. खाली गोदामांना लागलेले ट्रक, वर नव्या इमारतीतला सातवा मजला, आणि काम घरूनच. ऑफिसातली माणसं पडद्यावर भेटतात, तीही बहुतेक कॅमेरा बंद ठेवून.

काम म्हणजे समुद्राचा खारटपणा तपासणं. हवामान पुढे कसं बदलेल हे सांगणारी मोठी संगणकी मॉडेलं असतात, ती समुद्र कुठे किती खारट आहे तेही सांगतात. दुसरीकडे समुद्रात तरंगती यंत्रं सोडलेली आहेत. ती दोन किलोमीटर खोल जातात, दर दहा दिवसांनी वर येतात आणि प्रत्यक्ष मोजलेले आकडे पाठवतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे आणि मॉडेल कुठे चुकतं ते शोधायचं. चार वर्षं मी अरबी समुद्रावर हे करते आहे आणि चार वर्षांत समुद्राच्या पाण्यात पाय बुडवलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

या वेळी सगळं छान जुळत होतं, एक यंत्र सोडून. गोव्याच्या दक्षिणेला फिरणारं ते एकटंच मागच्या हिवाळ्यात बरंच गोडं पाणी दाखवत होतं. "सेन्सर बिघडलाय, यादीतून काढ," साहेब म्हणाले. ते काढलं की मॉडेल पास, सोमवारी अहवाल रवाना आणि माझ्या कंत्राटी नोकरीला मुदतवाढ. एका क्लिकचं काम होतं. शुक्रवारी संध्याकाळी ते करता करता हात थांबला. खरं सांगायचं तर मला त्या यंत्राची दया आली, आणि आपल्याला यंत्राची दया येते आहे हे लक्षात आल्यावर स्वतःचीच काळजी वाटली. म्हटलं, उद्या घराबाहेर पडायचं.

बेत असा केला: अकलोलीला नदीच्या गोड्या पाण्यापासून सुरुवात, मग भिवंडीची खाडी, मग वसईला समुद्र. कॉलेजमधल्या मैत्रिणीकडून खारटपणा मोजायचं छोट्या दुर्बिणीसारखं साधन आणलं होतं, ते सहा महिने कपाटात पडून होतं. काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं, आत आकडा दिसतो. त्याआधी साधन गोड्या पाण्यावर शून्याला लावावं लागतं. तो शून्य घरच्या नळाच्या पाण्यावरही लावता आला असता, पण मग घरातच बसले असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मान्य.

जाणाऱ्यांसाठी: काल्हेरहून अंजूरफाटा, भिवंडी, अंबाडी, वज्रेश्वरी आणि मग अकलोली. स्कूटरला दीडशेचं पेट्रोल जाऊन-येऊन पुरतं. सहाच्या आत भिवंडी ओलांडा, नाहीतर वाड्याच्या रस्त्यावर ट्रकचा धूर खात, खड्डे मोजत जावं लागेल. मी निघाले तेव्हा फाटकाशी वॉचमनने विचारलं, "मॅडम, आज ऑफिस नहीं?" माझं ऑफिस घरातच आहे, हे त्याला दोन वर्षांत ठाऊक नव्हतं.

अकलोलीला पहिली चूक केली. तिथल्या गरम झऱ्यांच्या कुंडातल्या कढत पाण्याचा थेंब गार न करता तसाच काचेवर टाकला आणि आकडा भलतीकडेच गेला. चहावाला बघत होता. "सरकारी काम हाय काय ताई?"

"नाही, माझंच आहे."

"एकट्याच आल्या?" मी मान हलवली. "मंग आधी पाय सोडा पाण्यात. मोजायचं काय पळून न्हाय जात."

मी पाय सोडले. शेजारी दोन बहिणी एकमेकींच्या पाठी चोळत होत्या. मला उगाच रडू आलं, तोंडावर पाणी मारून निभावलं. मग शेजारच्या तानसा नदीच्या पात्रातलं थंड पाणी घेऊन शून्य लावला, दोन वडापाव खाल्ले आणि परत फिरले.

अंजूरफाट्यावरून खारबावच्या दिशेने जाताना डावीकडे खाडीला उतरणाऱ्या वाटा लागतात. त्यातल्या एका वाटेने साडेदहाला काठावर पोचले. माझ्या अंदाजाने इथे आकडा वीसच्या आसपास हवा होता, भर समुद्रात तो पस्तीस असतो. आला पाच. पुन्हा मोजलं, पुन्हा पाच. वहीत लिहिलं: साधन बिघडलं आहे.

चिखलात गुडघाभर उभी राहून एक बाई निवट्या पकडत होती. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारी छोटी मासळी. साठीच्या पुढची असेल. नाव हिराबाई, हे नंतर कळलं. "काय झालं गं बाय?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"आज तिथी कोनती?"

मला माहीत नव्हती.

"पंचमी. पाच पाऊण पावणेचार. म्हंजे पावणेचारला मुंबईला भरती. हितं यायला पानी अजून तासभर खातं. आता ओहोटी हाय. हे नदीचं पानी हाय, दर्याचं न्हाय. तुजं यंत्र खोटं न्हाय बोलत, तूच भलत्या येळेला आलीस."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चार वर्षं समुद्राचे आकडे चाळणाऱ्या मला हा हिशेब माहीत नव्हता. वसई रद्द केली आणि थांबले.

दुपारी हिराबाई मावशीने तांदळाची भाकरी आणि सुका जवळा काढला. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "घरी कोन हाय?"

"कुणी नाही."

"मंग जेवन कुनासाठी करतेस?"

"फारसं करतच नाही."

तिने उरलेल्या भाकरीतली अर्धी मोडून पुन्हा माझ्या हातावर ठेवली. मग स्वतःचं सांगितलं. मुलगा आणि सून दोघंही गोदामात, दोघांच्या शिफ्ट उलट्यासुलट्या. "येकाच घरात राहतो, पन भेट व्हत न्हाय," ती म्हणाली.

पावणेपाचला पाणी काठावरच्या तिवरांच्या झाडांच्या मुळांवर चढलं. मोजलं, अठरा. मी खूश. मावशीने एका रिकाम्या बाटलीला दगड आणि दोरी बांधली, बुचाला वेगळी दोरी. "वरचंच काय मोजतेस? खालचं काढ." बाटली तळाला गेल्यावर तिने बुचाच्या दोरीला हिसडा देऊन बूच काढलं आणि भरलेली बाटली वर ओढली. त्या पाण्याचा आकडा सव्वीस. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं, हे मी पुस्तकात शंभरदा वाचलं आहे. वरचा आणि खालचा असे दोन आकडे वहीत स्वतः मोजून लिहिले ते पहिल्यांदाच.

निघताना ती म्हणाली, "पुढल्या पंचमीला ये. पानी असंच असंल, मी पन असंन."

घरी येऊन अंघोळही न करता लॅपटॉप उघडला आणि त्या एकट्या यंत्राचे खोलवरचे आकडे काढले. सेन्सर बिघडला असता तर खालीही चुकला असता. खाली ते शेजारच्या यंत्रांशी तंतोतंत जुळत होतं. वेगळं होतं ते फक्त वरचं पाणी. बंगालच्या उपसागरातलं गोडसर पाणी हिवाळ्यात श्रीलंकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याने उत्तरेकडे सरकतं, यंत्र त्यात सापडलं होतं. आमचं मॉडेल ते पाणी इतक्या उत्तरेला येऊच देत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं. ही तपासणी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. मी केली नव्हती, कारण मला मुदतवाढ हवी होती. याची लाज वाटली, अजून वाटते.

साहेबांना लिहिलं: यंत्र बरोबर आहे, मॉडेल चुकतं आहे, अहवाल बदलावा लागेल. उत्तर आलं, "सोमवारी बोलू." मुदतवाढ मिळेल की नाही, हे पोस्ट लिहितानाही मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी षष्ठी. सहा पाऊण साडेचार, वर एक तास. साडेपाचला गॅलरीत उभी राहिले. गोदामांच्या पत्र्यांमुळे इथून खाडी दिसत नाही. पण पाणी तिवरांपर्यंत आलं असणार आणि मावशी टोपली घेऊन वर निघाली असणार, एवढं मला न बघता ठाऊक होतं. मग आत आले, तांदळाचं पीठ मळलं आणि भाकरी थापायला घेतली. पहिली फाटली. दुसरी जमली, ती ताटात वाढून घेतली आणि बसून जेवले.